दाताखालची भाकरी

“काळजाला खुशाल हात घाल म्हणावं त्या डॉक्टरला. छाती फाड म्हणावं. पर माज्या दाताला हात लावायचा न्हाय.”

मुक्ताबाईंनी हा निकाल दिला तेव्हा दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या चुली पेटलेल्या होत्या आणि घरचे त्यांच्या खुर्चीभोवती उभे होते. दवाखान्यातून घरी येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. अंगावरचं लुगडं दुसऱ्या कुणाचं मागून आणल्यासारखं सैल झालं होतं, मनगटावर सुयांचे काळेनिळे डाग होते. आवाज मात्र तोच, खणखणीत.

थोरली सून प्रभा शेवटच्या चुलीपाशी भाकरी उलटत होती. तिला हसू आलं. छाती उघडू द्यायला तयार असलेली बाई दात द्यायला तयार नाही, याचं दवाखान्यात सगळ्यांना नवल वाटलं होतं. प्रभाला त्यात काडीचं नवल वाटलं नाही. तिनं ते दात पाहिले होते. नुसते पाहिले नव्हते, त्या दातांवर घर उभं राहताना पाहिलं होतं.

नवरा एकनाथराव गेले तेव्हा मुक्ताबाई मोडनिंबहून सोलापुरात आल्या त्या दोन पोरं, एक पोरगी आणि भाकरी थापायची एक काथवट घेऊन. सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि ज्वारीची कडक भाकरी करून विकायला बसल्या. सोलापुरात कडक भाकरी विकायची म्हणजे पंढरीत बुक्का विकण्यातला प्रकार. दारोदारी करणाऱ्या होत्या. मग या बाईंनी काय करावं? सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाइकांसमोर भाकरीची पहिली चवड ओढायची, वरची भाकरी उचलायची आणि दातांनी मोडायची. कट्ट! आवाज रस्त्यापलीकडं जायचा. आवाज मनासारखा नाही आला तर सगळी चवड परत धगीला. गिऱ्हाईक ताटकळलं तरी ताटकळू दे. दाताखालून गेल्याशिवाय भाकरीनं उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा कायदा. पुढं लोक ‘मुक्ताबाईच्या दाताची भाकरी’ म्हणूनच मागायला लागले. आता पुड्यावर फोटो असतो तोही तसाच, भाकरी दातात धरलेला, डोळे हसणारे.

आणि नेमक्या त्याच दातांनी दगा दिला होता.

नवरात्रापासून मुक्ताबाईंना रोज संध्याकाळी कणकण यायची. जिना चढताना दम लागायचा. जेवण तुटलं. विचारलं की म्हणायच्या, “वय झालं न्हवं का.” गल्लीतल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, पोरांनी ते मान्य केलं, आणि मुक्ताबाईंनी टॉनिक पिऊन काम चालू ठेवलं. शेवटी एक दिवस दुकानाच्या पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं.

हृदयाच्या प्रभुलिंग डॉक्टरांनी खाटेशेजारी उभं राहून सांगितलं ते प्रभानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. लहानपणी मोडनिंबला सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप तेव्हाच खराब झालेली. आता त्या झडपेवर जंतूंनी घर केलं होतं. “आणि रक्तात सापडलेत ते जंतू तोंडातले आहेत,” डॉक्टर म्हणाले होते. “हिरड्यांत पू झालाय यांच्या. तिथून रक्तात, रक्तातून झडपेवर. बायका तोंडातलं दुखणं तोंडातच ठेवतात आणि छातीतलं छातीत. आमच्यापर्यंत येतात तेव्हा दोन्ही एक झालेलं असतं.” कित्येक आठवडे शिरेतून औषध देऊन त्यांनी जंतू मारले. झडप मात्र कामातून गेली होती, ती बदलायला हवी. पण आधी तोंड साफ करायचं, किडलेले, हलणारे दात सगळे काढायचे, मग छाती उघडायची. दाताच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं.

ते ऐकताना प्रभानं नकळत स्वतःच्या हिरडीवरून जीभ फिरवली होती. मग पटकन तोंड मिटलं होतं.

“मी पुण्यात बोललोय,” पृथ्वीराज आता म्हणत होता. प्रभाचा नवरा, घरातला थोरला. आईवर जीव असा की घाबरला की चिडायचा. “आधी झडप बदलून घ्यायची. आई त्याला तयार हाय. दातांचं मागनं बघू. दातानं कुणी मेलंय का आजवर?”

“मरता मरता वाचलीय ती, दादा. त्यानंच.” इंद्रायणी बोलली. मुक्ताबाईंची लेक, अकलूजला शाळेत शिक्षिका. सकाळच्या एसटीनं आली होती आणि आल्यापासून पदर खोचूनच उभी होती. “पुण्याचा डॉक्टर काय वेगळं सांगणार? तोही आधी तोंड उघडायला लावेल. तोंडात पू ठेवून नवी झडप बसवली तर तेच जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतील. मग काय पुन्हा छाती उघडायची?”

“तू अकलूजला बसून सांगणार. हितं निस्तरायचं आमी.”

“मग निस्तर की. मी कुठं नको म्हणतेय?”

“अहो भांडताय काय,” धाकटी सून रेश्मा मध्ये पडली. तिचा नवरा ऋतुराज मालाची गाडी घेऊन बाहेरगावी गेला होता, त्यामुळं त्याच्या वाटणीचंही तीच बोलत होती. “दात काढायचे आणि मस्त कवळी बसवायची. माझ्या मावशीला बसवलीय. फोटोत तर कळतसुद्धा नाही.”

“कवळीनं कडक भाकर मोडू व्हय गं?” मुक्ताबाई म्हणाल्या. “कवळी भाकरीत ऱ्हाईल आन् गिऱ्हाईक माज्या तोंडाकडं बघत ऱ्हाईल.”

चुलींवर भाकरी करणाऱ्या कामाच्या बायका खुदखुदल्या. त्यांच्यातली कमलम्मा तर काथवटीवर वाकूनच हसली. पृथ्वीराजलाही हसू आवरेना, आणि तेवढ्यानं त्याचा राग रेश्मावरून, इंद्रायणीवरून निसटून गेला. या बाईनं आजवर घर असंच चालवलं होतं. दोघं हातघाईवर आले की तिसऱ्याच कुणाला हसवायचं.

पण इंद्रायणी हसली नाही. ती खाली वाकली आणि आईच्या कनवटीची छोटी डबी तिनं ओढून काढली.

“आणि ही अजून आहेच का?”

मिश्रीची डबी. तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू. गावाकडच्या बायका ती बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासतात. मुक्ताबाईंचा दिवस तिच्याशिवाय उगवत नसे.

“असू दे. मिश्रीनं दात घट्ट ऱ्हात्यात.”

“घट्ट? मग डॉक्टरीणबाईंनी बोट लावलं तर दात हलला कसा?”

“ठणका तरी कळत न्हाय.”

“आई, कळत नाही हेच तर! ठणका कळला असता तर तू दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात गेली असतीस. ही तुला बधिर करत राहिली आणि आत सडत गेलं.” इंद्रायणीनं डबी आईसमोर धरली. “घरी आल्यावर पुन्हा भरून कुणी दिली ही?”

सगळ्यांच्या नजरा शेवटच्या चुलीकडं वळल्या.

प्रभा भाकरी उलटत राहिली. काय सांगणार होती? मिश्री भाजायची तीच. पण ती नुसती मिश्री नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा ती माहेरच्या आठवणीनं रडत होती आणि पहिल्याच पहाटे सासूनं तिला मागच्या पायरीवर शेजारी बसवून तळहातावर चिमूटभर मिश्री ठेवली होती. “घास. रडू थांबतं.” तेव्हापासून ती पायरी दोघींची. दिवसभर सासू मालकीण असायची, पायरीवर मात्र आत्या असायची. पीठ किती गरम पाण्यात मळायचं, धग कशी ओळखायची, नवरा तापला की काय बोलायचं आणि काय गिळायचं, सगळं प्रभा तिथंच शिकली. तिला कुणी विचारलं असतं की तुझी शाळा कुठली, तर तिनं ती पायरी दाखवली असती.

“प्रभा? तू दिलीस?” पृथ्वीराज म्हणाला.

“तिला काय बोलायचं न्हाय,” मुक्ताबाई कडाडल्या. “म्या मागितली, तिनं दिली. माजा शबुद तिनं कदी खाली पडू दिला न्हाय, तुमच्यासारका.”

एवढं बोलून त्यांना धाप लागली. छाती वरखाली होऊ लागली. रेश्मानं पाणी आणलं. दोन घोट घेऊन मुक्ताबाईंनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलल्या.

“बरं. काढा दात.”

कुणाला खरंच वाटेना.

“पर आदी एक ठरू द्या. गड्ड्याची जत्रा तोंडावर आली. सिद्धेश्वराला येणारं निम्मं सोलापूर भाकरी न्यायला हितं येतं. माजं दात गेल्यावर चवड कुणी पारखायची? तेवढं ठरलं की मी डॉक्टरम्होरं तोंड उगडून बसते.”

शेडमधली हवाच बदलली. चवड पारखायची म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. दुकानाच्या तोंडाशी कुणी बसायचं, पुड्यावर फोटो कुणाचा, त्याचाच हा फैसला. रेश्मानं केस कानामागं सारले. तिचे दात मोत्यासारखे होते आणि ते तिला माहीत होतं. पृथ्वीराजनं घसा खाकरला.

“प्रभा, हिकडं ये.”

प्रभा हात पुसत आली. मुक्ताबाईंनी शेजारच्या चवडीवरची भाकरी उचलली, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी.

“दात माजं जातील. मान तुज्याकडं ऱ्हाऊ दे. मोड.”

किती वर्षं या एका शब्दाची वाट पाहिली होती तिनं! आणि आता तो आला तर तिचा हात भाकरीकडं जाईना. गेले कित्येक महिने ती कडक भाकरी खातच नव्हती. सगळ्यांकडं पाठ करून डाळीत बुडवून मऊ करायची, एकाच बाजूनं चावायची. सकाळी चूळ भरली की पाणी लाल पडायचं. मिश्री घासली की दिवसभर विसरायला व्हायचं. हे तिनं पृथ्वीराजलाही सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? बाईच्या जातीला कुठं ना कुठं दुखायचंच, असं ती धरून चालली होती.

नको म्हणता आलं असतं. पण नवरा अशा कौतुकानं पाहत होता, कमलम्मा हात जोडून उभी होती, आणि आत्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रभानं भाकरी दातात धरली आणि मोडली.

कट्ट!

आवाज असा निघाला की चुलीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. “वाजली की गं मुक्ताबाईवानी!” कुणीतरी ओरडलं. प्रभाच्या मात्र कानशिलापर्यंत कळ गेली. तिनं खाली पाहिलं. पांढऱ्याशुभ्र भाकरीच्या मोडल्या कडेला लाल रेघ उमटली होती.

तिनं भाकरी पदराआड केली.

“दाव,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“ऱ्हाऊ द्या, आत्या.”

“दाव म्हनलं न्हवं.”

तिनं हात पुढं केला. मुक्ताबाईंनी भाकरी घेतली, उजेडाकडं धरली, बोटानं ती रेघ पुसली. बोट लाल झालं. 

“किती दिस झालं?”

“लई दिस झालं.”

“दम लागतो?”

“पोतं उचलल्यावर. जरा.”

“सांजचा ताप?”

“न्हाय. ताप न्हाय.”

“हिरडीतून रक्त आलं म्हणजे काळीज बिघडलंच असं नाही हं, आई,” इंद्रायणी घाईनं म्हणाली, आईचा चेहरा पाहून. “पण बघून घ्यायला पाहिजे. आत्ता बघितलं तर सगळं आवरता येतं.”

मुक्ताबाईंना ते ऐकूच आलं नसावं. त्या सुनेकडं पाहत होत्या. प्रभानं त्यांना नवऱ्याच्या मरणाचं सांगताना पाहिलं होतं, पैशाच्या अडचणीत पाहिलं होतं, दवाखान्यात नळ्या लावलेल्या अवस्थेत पाहिलं होतं. पण असा उघडा पडलेला चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता.

“हिला म्या भाकरी शिकवली,” त्या हळूच म्हणाल्या. “आन् त्याच हातानं हे बी दिलं. लेकीला दिलं न्हाय, ती शिकाया गेली म्हणून सुटली. हिनं मात्र माजं सगळंच घेतलं.”

“आत्या, तसं नगा म्हणू.”

“गप बस तू.” मुक्ताबाईंनी लुगड्याच्या पदरानं बोट पुसलं आणि क्षणात आवाज पुन्हा मालकिणीचा झाला. “इंद्रे, लाव फोन त्या डॉक्टरीणबाईला. दोगींचं नाव सांग. सासूचं आन् सुनेचं. आन् प्रभुलिंग डॉक्टरला म्हणावं, हिची छाती बी नीट बघ.”

“आई, जत्रेच्या तोंडावर दोघी गेल्यावर दुकान?” पृथ्वीराजच्या तोंडून निघून गेलं.

“गड्डा दर साली भरतो रं. प्रभा काय दर साली मिळती व्हय?”

पृथ्वीराजनं खिशातला फोन काढून बहिणीपुढं धरला. प्रभाचा मात्र बांध फुटला. पहिल्या पहाटेनंतर आज प्रथमच ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि या वेळी रडू थांबवायला कुणी तिच्या हातावर काही ठेवलं नाही. मुक्ताबाई तिच्या केसांवरून नुसता हात फिरवत राहिल्या. मधेच इंद्रायणीला म्हणाल्या, “ती डबी फेकू नगं. राख लावून घासून ठेव. खिळं ठेवाया बरी हाय.”

मुक्ताबाई शब्दाच्या पक्क्या. दात काढायला त्या दर खेपेला ताठ मानेनं गेल्या. पहिल्या दिवशी खुर्चीत बसताना डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “बाई, लई भाकरी मोडल्यात यांनी. जरा मानानं काढा.” डॉक्टरीणबाईंनी ते खरंच मानानं काढले. प्रभाचा एकच मागचा दात गेला. बाकीचे हिरड्या साफ करून वाचले. तिची छातीही तपासली. काळीज ठणठणीत निघालं, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यात जास्त कोण रडलं असेल तर दातानं कुणी मेलंय का असं विचारणारा पृथ्वीराज.

पहाटेची पायरी मात्र सुटली नाही. दोघी तशाच शेजारी बसत. मुक्ताबाई हिरड्यांवरून मऊ ब्रश फिरवता फिरवता कुरकुरायच्या, “घोड्याला खरारा करावा तसं वाटतं गं.” मिश्रीची तलफ आली की एकमेकींचा हात घट्ट धरायच्या. तलफ जायची, हात राहायचा.

हिरड्या भरून आल्या आणि ऑपरेशनचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या सकाळी जत्रेची गर्दी दुकानासमोर दाटली होती. पृथ्वीराजचं म्हणणं, आईनं आत बसावं. बोळकं झालेलं तोंड लोकांनी कशाला पाहायचं? मुक्ताबाईंनी खुर्ची बरोबर दाराच्या मधोमध टाकायला लावली.

जुनं गिऱ्हाईक ईश्वरप्पा पुढं होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नसावं. “मावशी, आज मोडून दावलं न्हाय ते?”

मुक्ताबाई हसल्या. पदर तोंडावर न घेता, सगळं तोंड उघडून, पुड्यावरच्या फोटोत हसतात त्याहून मोठ्यानं. ईश्वरप्पाचा चेहरा पडला, पण त्यांनी तोवर भाकरी उचलून कानाशी नेली होती. अंगठ्यानं दाबली. कट्ट. तोच आवाज, सगळ्या गल्लीला ओळखीचा.

“दात गिऱ्हाइकासाटी हुतं, ईश्वरप्पा. तुमास्नी बघाया आवडायचं. पारख माजी पहिल्यापासनं कानाची.”

गर्दीत हशा पिकला. प्रभा पाहतच राहिली. इतकी वर्षं शेजारी बसून हे तिला कळलं नव्हतं! दातांसाठी एवढा हट्ट धरला, जीव पणाला लावला, आणि दात गेले तरी हिचं काहीच गेलं नव्हतं. तिला त्या बोळक्या तोंडाचा इतका अभिमान वाटला की नजर लागेल म्हणून तिनं मनातल्या मनात मीठमोहऱ्या उतरवल्या.

“हिकडं ये,” मुक्ताबाईंनी तिला जवळ ओढलं आणि दुसरी भाकरी तिच्या कानाशी धरून मोडली. “ऐकलंस? आदी कडेचा आन् मागनं मदला आवाज आला तर नरम. दोन्ही एकदम आलं तर पास. आता तू मोड. माज्या कानाशी.”

प्रभानं पुढच्या चवडीतली भाकरी घेतली. आत्यांच्या कानाशी धरली, अंगठा टेकवला. उद्या या वेळी ही बाई टेबलावर असेल, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिनं अंगठा दाबला. भाकरी मोडली. तिला तरी आवाज छान वाटला. लोकही वाट पाहत होते.

मुक्ताबाईंनी डोळे मिटून क्षणभर ऐकल्यासारखं केलं.

“नरम हाय,” त्या म्हणाल्या. “सगळी चवड धगीला लाव परत.”

लोक पुन्हा हसले. प्रभा डोळे पुसत, हसत, चवड उचलून आत चालली. मागून आवाज आलाच.

“आन् मी न्हाय तवर एकेक चवड अशीच ऐकायची, कळलं का? आल्यावर इचारीन.”